गोळ्या खुळखुळल्या नाहीत

१

नळी उलटी केली की आतल्या गोळ्या खुळखुळत वाटीत पडायला हव्यात. बुलेल्वाने नळी उलटी केली आणि काहीच पडलं नाही.

तिने चिमट्यानेच टिचकी मारून पाहिली, पुन्हा उलटी केली, मग नळी खिडकीच्या उजेडात धरली. वाटाण्याएवढ्या सुट्या गोळ्यांच्या जागी तळाशी एकच पिवळट गोळा बसला होता, नळीच्या बुडाच्या आकाराचा.

न्गोन्यामाचं बीज होतं ते. न्गोन्यामा म्हणजे सिंह, आणि क्वालुंडी गावच्या मेंढपाळ संघाचा हा मेंढा होताही तसाच. त्याची लोकर बघायला डोंगरापलीकडची माणसं यायची. तो जिवंत असताना बुलेल्वाने स्वतः त्याचं वीर्य काढलं होतं. अंड्याचा बलक आणि दूध मिसळून ते सावकाश थंड केलं होतं, कोरड्या बर्फाच्या लादीवरच्या खळग्यांत थेंब थेंब सोडलं होतं आणि टणक झालेल्या गोळ्या द्रव नत्राच्या कॅनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. या वर्षीच्या उन्हाळ्यात मेंढ्याला साप चावला. आता त्याचं म्हणून जगात उरलं होतं ते या एका नळीत.

"काय झालं गं, माकोटी?" शेडच्या दारातून तिचे सासरे, संघाचे अध्यक्ष ताता लिझो यांनी विचारलं. माकोटी म्हणजे सून. लग्नाला चार वर्षं झाली तरी गावाने तिला दुसरं नाव दिलेलं नव्हतं.

"वितळलंय," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "कधीतरी वितळून परत गोठलंय. मेलंय हे."

लोकर कातरायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळं गाव लोटलं होतं. निवडलेल्या मेंढ्या माजावर आणून बांधल्या होत्या. मेंढ्यांच्या पोटात दुर्बीण घालून बीज सोडणारे डॉक्टर शहरातून आले होते. त्यांनी गोळ्याचा तुकडा कोमट पाण्यात विरघळवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मान हलवली. मग नळी नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात ब्रँडी कोणी ओतली?"

मग मागून कुठूनतरी एक बाई बोलली. फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मेलेल्या मेंढ्याचं बीज बाटलीत कोंडून ठेवते ती. चेटकीण नाही तर कोण?"

२

तीन दिवस गावात कुजबुज चालली. चौथ्या दिवशी सकाळी बुलेल्वाने दार उघडलं तर उंबरठ्यावर काडेपेटी होती. आत एकच काडी.

ती तिथेच खाली बसली. पलीकडच्या खोऱ्यात मागच्या वर्षी एका म्हातारीला तिच्या झोपडीसकट जाळलं होतं. त्या म्हातारीच्या दारातही आधी काडेपेटीच ठेवली होती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवरा दूर प्लॅटिनमच्या खाणीत. फोन केला तर तो म्हणाला, "ताता आहेत ना घरी? मग कशाला घाबरतेस?"

ताता घरी होते. त्यांनी काडेपेटी पाहिली, ब्लँकेट अंगाभोवती आणखी आवळून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "परवा शनिवारी बैठक आहे. तिथे बोलू." आणि मेंढवाड्याकडे निघून गेले.

ती पाणी भरायला गेली तेव्हा नळावरच्या बायका हंडे तसेच टाकून बाजूला झाल्या. परत येताना एक दगड तिच्या हंड्यावर ठण्णकन आपटला. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. घरी येऊन तिने पोलिसांना फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, कोणी मारलंय का? नाही? मग मारलं की कळवा. शेवटी तिने जनावरांच्या चोऱ्या बघणाऱ्या शाखेचा नंबर फिरवला.

संध्याकाळच्या आत एक धुळकट गाडी आली. गाडीतून उतरली ती पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई. उतरता उतरता ती आपल्या गुडघ्यांना शिव्या घालत होती. सार्जंट माटोमेला. एका खिशात बिल्ला, दुसऱ्यात सुकवलेले पीच.

"मेंढा चोरीला गेला की मी येते," ती म्हणाली. "मेंढा व्हायच्या आधीच चोरीला गेला, असं मात्र पहिल्यांदाच ऐकलं. घे, पीच खा. तोंड बघ कसं उतरलंय."

"सिसी, ते मला जाळतील," बुलेल्वा म्हणाली, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं, आणि इतका वेळ दाबलेलं रडू फुटलं.

सार्जंटने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "शनिवारच्या आत कोण ते कळलं पाहिजे. चल, तुझा कॅन दाखव."

३

शेडला कुलूप होतं. चाव्या तीन. एक बुलेल्वाकडे, एक ताता लिझोंकडे आणि एक लोकर निवडणाऱ्या म्झुवुकिलेकडे.

बुलेल्वाने कॅनचं झाकण काढलं तसा पांढरा धूर काठावरून ओघळला. सार्जंट दोन पावलं मागे सरली.

"नत्र कमी पडलं असेल का?"

"नाही. काठोकाठ आहे. आणि कमी पडलं असतं तर सगळंच वितळलं असतं." बुलेल्वाने चामडी हातमोजे चढवले, चिमट्याने दुसऱ्या मेंढ्यांच्या नळ्या एकेक वर घेतल्या आणि हलवून दाखवल्या. खुळखुळ, खुळखुळ. "बाकी सगळ्या ठीक आहेत. फक्त न्गोन्यामाची गेली."

"म्हणजे कोणीतरी नेमकी ती नळी काढली, बाहेर ठेवली आणि परत जागेवर आणून ठेवली. तू गावात नव्हतीस असा दिवस?"

"मागच्या आठवड्यात मेंढ्यांची औषधं आणायला शहरात गेले होते. रात्र तिथेच काढली."

"चोरी करणारा परत ठेवत नाही," सार्जंट पीच चघळत पुटपुटली. "नासधूस करणाराही ठेवत नाही."

"अगदी बरोबर!" दारातून आवाज आला. म्झुवुकिले चौकटीला टेकून उभा होता. पाय फाकलेले, डोळे तारवटलेले. गावात मेंढे भाड्याने द्यायचा धंदा त्याचा होता. कॅन आल्यापासून त्याच्या मेंढ्यांना कोणी विचारत नव्हतं. "मला बिघाड करायचा असता तर झाकण उघडं टाकून घरी जाऊन झोपलो असतो. परत ठेवण्याची उठाठेव कोण करील?"

"नळीला ब्रँडीचा वास येतोय, भाऊ. आणि तुलाही येतोय."

"मी पितो, सार्जंट. मेंढ्यांना पाजत नाही. बाटली माझ्या घशाखाली उतरली नाही आणि कुठे सांडली, असं कोणी पाहिलंय का कधी?" आपल्याच विनोदावर तो खो खो हसला. मग हसू एकदम ओसरलं आणि त्याने बुलेल्वाकडे पाहिलं. "शनिवारी तुझं सामान बाहेर काढून ठेव, माकोटी. लोक सामान बघत नाहीत, सगळंच पेटवतात."

तो गेल्यावरही बुलेल्वा दाराकडेच बघत होती. झाकण कॅनवर बसेना. शेवटी सार्जंटने ते दाबून बसवलं.

"धमकी देतोय तो," बुलेल्वा म्हणाली.

"देतोय. किंवा सावध करतोय. दारुड्यांचं काही सांगता येत नाही," सार्जंट म्हणाली. "पण बोलला ते खरं बोलला. आता सासऱ्यांकडे चहा प्यायला जाऊ."

४

सासू, माराडेबे, चूल फुंकत होती. मका आणि घेवडा शिजत होता. ताता लिझो आपल्या खुर्चीत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ब्लँकेटमध्ये.

"या, माडलोमो." त्यांनी सार्जंटला तिच्या कुळाच्या नावाने मान दिला. रीतभात म्हणजे ताता लिझो, असं गाव म्हणायचं. सुनेच्या डोक्यावरचा रुमाल बोटभर मागे सरकला तरी त्यांना चालायचं नाही. शेजारच्या पोरांनी भाकरीचा तुकडा एका हाताने घेतला तर हातावर फटका बसायचा. घ्यायचं ते दोन्ही हातांनी, किंवा निदान उजव्या.

माराडेबेने चहा दिला. तातांनी ब्लँकेटमधून डावा हात काढला आणि कप घेतला.

"घरात ब्रँडी असते का हो?" सार्जंटने सहज विचारलं.

"पूर्वजांपुरती असते," माराडेबे म्हणाली. "इथे पिणारं कोण आहे? मेंढवाड्यात पूर्वजांशी बोलायचं झालं की थोडी जमिनीवर ओततात, बस्स. बाटली वर्षभर पुरते."

"तू पण जातेस का गं मेंढवाड्यात?" सार्जंट बुलेल्वाकडे वळली.

बुलेल्वा दचकली. असा प्रश्न कोणी विचारतं का? "सून कशी जाईल? सासरच्या पूर्वजांची जागा ती. मी फाटकालासुद्धा शिवत नाही."

"मेंढ्यांचं सगळं तूच बघतेस, आणि मेंढवाड्यात नाही."

"मेंढ्या शेडमध्ये आणून देतात मला."

सार्जंटने कप खाली ठेवला. "ताता, गेल्या वर्षीही याच मेंढ्याच्या गोळ्या वापरल्या होत्या ना? तेव्हा सगळं नीट झालं?"

"झालं." तातांचा आवाज बसलेला होता. "चांगली कोकरं झाली."

"मग या वर्षी काय बदललं?"

चुलीतलं लाकूड फुटलं. बुलेल्वाने सासऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

५

सार्जंटने तिला गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि विचारलं, "नत्रातल्या नळीला उघडा हात लागला तर काय होतं?"

"कातडी चिकटते. विस्तवावर भाजल्यासारखे फोड येतात. म्हणून तर हातमोजे माझ्या पिशवीत असतात. ते दुसऱ्या कोणाला..." ती थांबली.

"बोल पुढे."

बुलेल्वाच्या डोळ्यांपुढे चहाचा कप आला आणि तो धरणारा डावा हात. चार वर्षांत त्या माणसाने डाव्या हाताने मिठाची चिमूटही घेतली नव्हती.

"मी सांगते," सार्जंट म्हणाली. "नळी ज्याने परत ठेवली त्याला ती हवी होती. जपायची होती. ती बाहेर राहिली की मरते एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे तू नाहीस, कारण तुला ठाऊक आहे. म्झुवुकिले नाही, कारण त्याला ती नकोच होती. गेल्या वर्षी हाच मेंढा, हेच बीज, आणि कोणी हात लावला नाही. या वर्षी फरक एकच. मेंढा मेला."

"मेलेल्याचं बीज," बुलेल्वा हळूच म्हणाली.

"मेलेलं सगळं कोणाचं? पूर्वजांचं. त्यांना न विचारता त्यातून कोकरं काढायची? रीत सोडून पाऊल न टाकणारा माणूस असं होऊ देईल? विचारायचं ते मेंढवाड्यात. तू तिथे जाऊ शकत नाहीस, म्हणून तू गावात नसताना तो स्वतः नळी घेऊन गेला. समोर ठेवली, कुळातल्या सगळ्यांची नावं घेतली, ब्रँडी ओतली. दोन थेंब नळीतही सोडले असतील, बीजालाही त्यांचा वाटा म्हणून. सगळं यथासांग झालं. आणि तेवढ्यात तुझ्या गोळ्यांचं पाणी झालं."

बुलेल्वाला राग यायला हवा होता. आली ती भीतीच, आधीपेक्षा थंड आणि खोल. इतके दिवस तिला वाटत होतं की भीती फाटकाबाहेर आहे.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "शेडमध्ये मी नळी उलटी केली तेव्हाच त्यांना कळलं होतं. काडेपेटी बघितली तेव्हाही."

"मी हे सांगितलं तर कोणी ऐकायचं नाही. पोलीस पैसे खाऊन बोलते म्हणतील. त्यांनी स्वतः सांगितलं पाहिजे. शनिवारपर्यंत..."

सार्जंटचं वाक्य अर्धंच राहिलं. वाटेच्या वळणावरून गाणं ऐकू येत होतं, पायांच्या ठेक्यावर, जमिनीवर काठ्या आपटत. गाडी बाहेर काढायची वाटही तीच एक होती. शनिवारची वाट कोणी बघणार नव्हतं. सगळ्यात पुढे चालणाऱ्या माणसाच्या हातात पेट्रोलचा डबा होता.

६

गर्दी अंगणात शिरली तेव्हा सार्जंट गाडीच्या दाराला पाठ लावून उभी होती. तिच्या मागे, बंद काचेआड, बुलेल्वा. बाहेरचे चेहरे तिच्या ओळखीचे होते. यातल्या किती जणांच्या मेंढ्या तिने सोडवल्या होत्या, अडलेली कोकरं हात घालून बाहेर काढली होती. आता कोणी नजरेला नजर देत नव्हतं.

"बाजूला हो, सार्जंट," डबा धरलेला माणूस म्हणाला.

"माझे गुडघे दुखतात. मला हलता येत नाही," सार्जंट म्हणाली. हाताची घडी तिने सोडली नाही. "ताता लिझो! बाहेर या. तुमच्या सुनेला न्यायला माणसं आलीत."

ताता दारात आले. संघाचे अध्यक्ष, गावातले वडीलधारे. त्यांचा शब्द घ्यायलाच सगळे थांबले होते.

"मी कोणाचं नाव घेणार नाही," सार्जंट म्हणाली. "एकच मागणं आहे. उजवा हात दाखवा, ताता."

ते हलले नाहीत. काचेआडून बुलेल्वा त्यांच्याकडे बघत होती. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि तिला खात्री वाटली की हे आता वळून आत जातील आणि दार लावून घेतील. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पेट्रोलचा वास काचेच्या फटीतून आत शिरला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

ब्लँकेट खाली पडलं.

त्यांच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते दातांनी सोडलं. बोटांवरची कातडी काळीनिळी होऊन सोलवटली होती, तळव्यावर नळीच्या जाडीचा लांबट व्रण होता. पुढच्या ओळीतल्या दोघीतिघींनी तोंड फिरवलं.

"मी नेलं होतं," ताता म्हणाले. "मेलेल्याचं होतं. न विचारता कसं वापरायचं? विचारलं, आणि परत ठेवलं. मला वाटलं होतं, बर्फच तो. परत थंड केला की होईल पहिल्यासारखा."

"आणि हिचं काय?" गर्दीतून म्झुवुकिले ओरडला. या वेळी तो हसत नव्हता. "इतके दिवस तोंडात काय धरलं होतंत?"

"मला वाटलं, फार तर तिला माहेरी पाठवतील." तातांची मान खाली गेली. "गावापुढे काय सांगणार होतो? पूर्वजांसमोर मी न्गोन्यामाला दुसऱ्यांदा मारलं, असं?"

मग एक म्हातारा काठीवर वाकून म्हणाला, "विचारायला हवं होतंच म्हणा. मीही विचारलं असतं." दोनचार माना हलल्या. डबा धरलेल्या माणसाने झाकण परत लावलं, डबा पायामागे ठेवला आणि आकाशाकडे बघत गारठा वाढल्याचं काहीतरी बोलला. गर्दी आली तशी विरली. जाताना बायका तातांच्या हाताला कोणतं तेल लावावं ते सांगून गेल्या. गाडीकडे कोणी आलं नाही.

बुलेल्वा दार उघडून उतरली. दार तिने हातात धरूनच ठेवलं. ताता लिझो अंगणात एकटेच उभे होते, खाली पडलेलं ब्लँकेट न उचलता. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"घरात चल, पोरी," ते म्हणाले. "झालं आता सगळं. सांगितलं ना मी, सगळ्यांसमोर?"

"सांगितलंत."

"मग चल."

"रात्री मी पत्र्याची पेटी ओढून दाराला लावत होते, ताता. पेटीचा आवाज तुमच्या खोलीत यायचा का?"

ती थांबली. हे उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"यायचा," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज."

बुलेल्वाने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. सार्जंटने चावी फिरवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"पुलापाशी डावीकडे घ्या, सिसी," बुलेल्वा म्हणाली. "माहेरचा रस्ता मी सांगते."